सतरा नंबरचे हात

सतरा नंबरला चाचणीतून काढून टाकलं. रीतसर, तीन प्रतींत, गोल शिक्का मारून. पण ते झालंच नाही असं आपण धरून चालू. आत्ता मंगळवारी सकाळचे दहा वाजलेत आणि सतरा नंबरची बाई सहाव्या बटणावर आहे.

सात. आठ.

"झालं," ती म्हणाली, आणि कुणी सांगितलेलं नसताना शर्टाची कॉलरही सारखी केली.

समोरच्या तपासनिसानं घड्याळ थांबवलं. एकवीस सेकंद. शर्ट एका लाकडी धडाला चढवलेला होता. धडाला डोकं नव्हतं, तरी विभागात सगळे त्याला साहेब म्हणत; कदाचित म्हणूनच म्हणत असावेत. साहेबांची आठ बटणं मिनिटाच्या आत लावता आली तर हात ठीक, नाही आली तर हात गेले, असा नियम होता. धडधाकट माणसाला पस्तीस-चाळीस सेकंद लागतात. तपासनिसाला स्वतःला बेचाळीस लागले होते आणि त्यातही एक बटण शेजारच्या काजात गेलं होतं.

"आता आपण दोन्ही हात टेबलावर ठेवावेत," तो कागदावरून म्हणाला. सूचना शब्द न बदलता वाचायच्या, असा दंडक होता.

"ठेवते हो साहेब. काल जेवलास का?"

"परीक्षेदरम्यान सहभागीने तपासनिसाशी इतर विषयांवर बोलू नये."

"म्हणजे नाही जेवलास. तोंड बघ कसं उतरलंय."

सतरा नंबर ही त्याची सख्खी मावशी होती. तपासनीस आणि रुग्ण यांचं नातं असता कामा नये, असं नियमावलीत पान चारवर स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि खाली नात्यांची यादी दिली होती: आई-वडील, नवरा-बायको, भावंडं, मुलं. यादी करणाऱ्याला मावशी नसावी. त्याला मात्र होती, आणि आई गेल्यापासून तेवढीच होती. दहाव्या वर्षापासून तो तिच्या दुकानामागच्या खोलीत वाढला, शिवणयंत्राच्या आवाजात अभ्यास केला, आणि तिनं शिवलेला शर्ट घालून याच नोकरीच्या मुलाखतीला गेला. नियम मोडलेला नव्हता. नियमाला तेवढं सुचलं नव्हतं.

त्यानं नादकाटा हाताच्या कडेवर आपटला. पोलादाची ती दोन शिंगं गुणगुणायला लागली. देठ त्यानं तिच्या बोटाच्या सांध्यावर टेकवला. थरथर जाणवेनाशी झाली की सांगायचं, एवढंच काम.

मावशी मान किंचित तिरकी करून बसली.

"थांबलं," ती म्हणाली. अगदी वेळेवर.

"पायांना काही?"

"जरा मुंग्या येतात. लिही किरकोळ."

दर वेळी ती तेवढ्या मुंग्या कबूल करायची, पाहुण्यानं ताटात एक घास ठेवावा तशा. त्यानं लिहिलं: पायरी एक. लिहिताना त्याचं लक्ष तिच्या नखांवर गेलं. आज ती लालभडक रंगवलेली होती. मावशीनं नखं रंगवलेली त्यानं जन्मात पाहिली नव्हती. कागदावर नखांच्या रंगासाठी रकाना नव्हता. त्यानं पान उलटलं.

*

औषधाचं नाव चौऱ्याऐंशी. एका झुडपाच्या मुळातून ते काढलेलं होतं. झुडूप खडकाळ उतारावर उगवायचं आणि जनावरंही त्याला तोंड लावत नसत. कुणीतरी शहाण्यानं विचार केला, की जनावरं सोडून देतात म्हणजे आत काहीतरी दमदार असणार. त्या मुळातून एकामागून एक अर्क काढले, त्यातला चौऱ्याऐंशीवा लागू पडला.

"आधीच्या त्र्याऐंशींचं काय झालं?" मावशीनं पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"ते लागू पडले नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आणि ज्यांना दिले ते?"

"उंदीर होते, ताई."

"बरं."

डॉक्टरीणबाईंनी मग चित्र काढून दाखवलं. त्यांना चित्र काढायला आवडायचं आणि येत नव्हतं. पेशी एकाची दोन होते तेव्हा आपल्या आत अतिशय बारीक नळ्यांची परांची उभी करते, इमारतीला बांधतात तशी. त्या परांचीच्या जोरावर आतलं सामान दोन्हीकडे वाटलं जातं. वाटणी झाली की परांची सुटी करायची, आणि एका घराची दोन घरं. चौऱ्याऐंशी जाऊन त्या नळ्यांना घट्ट धरून बसतं. परांची सुटतच नाही. पेशी ना धड एक, ना धड दोन, अशी मधल्यामधे अडकते आणि मरते. गाठीतल्या पेशी सारख्या दोन होत असतात, म्हणून त्या जास्त मरतात.

"आणि ज्या गुमान एकट्या बसतात त्या?"

"त्यांना फारसा त्रास नाही. फक्त नसांमध्येही तशाच नळ्या असतात. त्यांतून सगळा माल बोटांच्या टोकापर्यंत जातो. त्यामुळे हात-पाय थोडे बधिर होऊ शकतात. ते आम्ही दर फेरीला तपासतो."

"म्हणजे परांची दिसली की धरायची. घर कुणाचं ते बघायचं नाही."

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "पण हे पूर्णपणे नैसर्गिक आहे, ताई."

"विंचूही निसर्गातलाच असतो," मावशी म्हणाली आणि सही केली.

पोटातली गाठ तेव्हा साडेचार सेंटिमीटर होती. सहा फेऱ्यांनंतर ती दोनवर आली. मावशी म्हणायची, चांगली आत घेतलीय, अजून एक शिवण घातली की अंगासरशी बसेल. बाकीची सगळी औषधं त्याआधीच संपली होती. चौऱ्याऐंशी कुठल्या दुकानात मिळत नव्हतं. चाचणीत असाल तर होतं, नसाल तर झुडूप होतं.

आणि चाचणीत राहायचं तर हात लागत. बधिरपणाची पायरी शून्य किंवा एक असेल तर औषध चालू. दोन किंवा तीन असेल तर बंद, कायमचं. नऊ नंबरचे गृहस्थ चौथ्या फेरीत साहेबांच्या तिसऱ्या बटणाशी झटत असताना वेळ संपली. ते "अजून एकदा करू का?" म्हणाले. कागदावर त्यासाठी वाक्य दिलेलं नव्हतं, म्हणून भाच्यानं पुढची सूचना वाचली. नऊ नंबर चाचणीतून बाहेर गेले, आणि दोन महिन्यांनी बाहेरूनही गेले.

*

"हे बघ," डॉक्टरीणबाईंनी त्याला खोलीत बोलावून तक्ता पुढे सरकवला. "एकोणीस माणसं. सगळ्यांचे हात खाली घसरतायत. आणि ही एक रेघ बघ."

वेगाची एक रेघ वर चढत होती. पहिल्या फेरीत एकोणतीस सेकंद, मग सत्तावीस, चोवीस, आज एकवीस.

"सतरा नंबर. हिचे हात सुधारतायत! तुला कळतंय का याचा अर्थ? काही लोकांत हे औषध नसांना हातच लावत नसावं. मला पुढच्या वेळी हिची चित्रफीत हवी आहे. मी परिषदेत दाखवणार आहे."

"बटणं लावतानाची?"

"बटणं लावतानाची."

तो तक्त्याकडे बघत राहिला. सतरा नंबरचा व्यवसाय पहिल्या पानावर लिहिलेला होता, त्याच्याच अक्षरात. शिवणकाम. पहिलं पान त्या दिवसानंतर कुणी उलटलेलं नव्हतं. परीक्षा ज्या समितीनं ठरवली तिनं बराच विचार केला असणार, की असं काय आहे जे सगळ्यांना सारखंच येतं? आणि कुणीतरी म्हणालं असणार, बटणं.

"सहा फेऱ्या झाल्या, हात शाबूत आहेत," डॉक्टरीणबाई पुढे सांगत होत्या. "म्हणजे नियमाप्रमाणे आता डोस वाढवायचा. दीडपट."

"आहे तोच ठेवता येणार नाही?"

"त्याला मग चाचणी म्हणत नाहीत. वाढीव डोस नाकारला तर सहभाग मागे घेतला असं धरतात. आणि नाकारायचा कशाला? दुसऱ्या केंद्रात दोघांना दिलाय. दोघांच्याही गाठी जवळजवळ गेल्या."

"दोघं बरे आहेत?"

"एक अगदी बरा आहे."

"आणि दुसरा?" त्यानं विचारलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"दुसऱ्याचे हात आधीच गेले होते. पठ्ठ्यानं सांगितलंच नव्हतं. वाढीव डोसनं छातीपर्यंत नसा गेल्या. आता श्वास मशीन घेतं." त्यांनी चष्मा परत लावला. "म्हणून तर मला तुझ्या तपासणीचा आधार वाटतो. आजचा कागद पाच वाजेपर्यंत तीन प्रतींत दे. गुरुवारी डोस लावू."

कागद त्याच्या हातातच होता. त्यानं तो दुमडला, आणि दुमडू नये असं त्यावरच छापलेलं असल्यामुळे परत उलगडला.

*

दुकान दुपारी बंद असायचं, पण दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी यंत्रावर बसली होती आणि पांढऱ्या शर्टाची बाही शिवत होती. ती हातांकडे बघत होती. गेले काही महिने ती हातांकडे अशीच बघायची, दुसऱ्याचं मूल सांभाळायला घेतलंय आणि ते कुठे धडपडू नये, अशी.

"अवेळी कसा आलास, ठोंब्या? काढलं की काय कामावरून?"

"मावशी, डावा हात दे."

"सकाळी दिला होता की."

"दे."

कापायच्या टेबलावर कालचा एक शर्ट घडी करून ठेवलेला होता. त्याच्या कफावर शिवणीच्या कडेनं तपकिरी ठिपके होते. एकसारखे, टाक्यांच्या अंतरानं, कफ संपेपर्यंत. त्यानं शर्ट उचलला, खाली ठेवला, आणि तिच्या तर्जनीच्या नखावरचा लाल रंग आपल्या नखानं खरवडला. मधोमध एक काळं भोक होतं. बोट उलटं केलं तर ते तिथेही होतं.

"सुई गेली," मावशी म्हणाली.

"कधी?"

"काल. शिवण संपल्यावर दिसलं."

"संपल्यावर?"

"शिवण सरळ आली पण." तिनं कफाकडे बोट केलं, त्याच बोटानं. "धुतलं की डाग जाईल."

तो स्टुलावर बसला. टेबलावर बटणांचा डबा होता, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान होतं, खडू होता. दहाव्या वर्षी याच स्टुलावर बसून त्यानं बटणं रंगांप्रमाणे लावली होती आणि दुसऱ्या दिवशी ती कुणीतरी कालवली होती. त्याला काम मिळावं म्हणून ती स्वतःच कालवायची, हे त्याला फार उशिरा कळलं.

"डोळे मीट," तो म्हणाला.

"हे कागदावर नाही."

"नाही. मीट."

तिनं डोळे मिटले आणि तळहात पुढे केला. त्यानं त्यावर बटण ठेवलं.

"बटण," ती म्हणाली.

बटण उचलून अंगुस्तान ठेवलं. ती जरा थांबली. तळहात किंचित वरखाली केला, वजनाचा अंदाज घेतल्यासारखा.

"अंगुस्तान. पितळेचं."

त्याला क्षणभर वाटलं, आपलंच चुकलं असेल. त्यानं अंगुस्तान उचललं. दुसरं काही ठेवलं नाही. हात मागे घेऊन मांडीवर ठेवले.

मावशी विचार करत बसली. रिकामा तळहात तिनं बोटं मिटून चाचपला, अंगठा हळूच फिरवला.

"हलकं आहे," ती म्हणाली. "खडू."

खूप वेळ झाला असावा, कारण तिनं डोळे उघडले. आधी तळहाताकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"मेल्या," ती शांतपणे म्हणाली. "हे बरोबर नाही. टेबलावर तीनच वस्तू होत्या."

"आणि नादकाटा?"

"ऐकू येतो की. कानांना नाही लागू पडलेलं चौऱ्याऐंशी." तिनं हात पदराला पुसला, जसा काही खडू लागला होता. "बटणांचं म्हणशील तर अठ्ठावीस वर्षं लावतेय. बोटांना विचारावं लागत नाही. उलट ती मधे बोलत होती तेव्हा वेळ जास्त लागायचा."

"कधीपासून?"

"तिसऱ्या फेरीपासून. तुला माहीत होतं."

"मला माहीत नव्हतं."

"ठोंब्या, तू मला चहा देतोस तेव्हा कप अर्धाच भरतोस. चार महिने झाले."

त्यानं डब्यातलं एक बटण घेतलं, ते उभं करून टेबलावर फिरवलं, आणि ते आडवं पडेपर्यंत त्याच्याकडेच बघत राहिला. मग डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं. दीडपट डोस. दुसऱ्या केंद्रातले दोघं. त्यातला एक, आणि त्याचं मशीन. हातांचं खरं लिहिलं तर औषध बंद. खोटं राहू दिलं तर गुरुवारी दीडपट. वाढीव नको म्हटलं तरी औषध बंद.

मावशीनं यंत्राचं चाक हातानं फिरवून सुई वर घेतली, बाही सोडवली. धागा कापायला कात्री शोधली. कात्री तिच्या हातातच होती.

"म्हणजे इकडून गाठ, तिकडून मशीन," ती म्हणाली. "मधे काही नाही?"

"मधे काही नाही."

"आहे तेच औषध, आहे तेवढंच, हे कुठे लिहिलेलं नाही?"

"नाही."

"एवढी शिकलेली माणसं. शर्टातसुद्धा तीन मापं असतात."

"त्याला मग चाचणी म्हणत नाहीत."

"मला कुठे चाचणी हवीय? मला गाठ नकोय." ती हसली नाही. "हात गेले तर दुकान जाईल. गेलं तर जाऊ दे, दुकानाला कुलूप लावता येतं. मी तिसऱ्या फेरीलाच हातांवर पाणी सोडलं होतं रे. मला वाटलं, एवढं दिलं म्हणजे बास झालं असेल."

बाहेर कुणीतरी दार ढकललं, शर्ट झाला का विचारलं. मावशी म्हणाली, संध्याकाळी या, कफ धुवायचाय. माणूस कफ का धुवायचा ते न विचारता गेला.

भाच्यानं पिशवीतून कागद काढला आणि कापायच्या टेबलावर ठेवला. सव्वाचार झाले होते. तीन प्रती काढायला दहा मिनिटं, चालत जायला वीस.

"काय लिहू?" त्यानं विचारलं.

"तपासनीस तू आहेस."

"मावशी."

"मला विचारू नकोस. मी सहभागी आहे. परीक्षेदरम्यान सहभागीने इतर विषयांवर बोलू नये." तिनं त्याच्या शर्टाकडे बघितलं, वरचं बटण उघडं होतं, आणि सवयीनं हात पुढे करून ते लावलं. बटण पहिल्या फटक्यात काजात गेलं. तिची बोटं मात्र त्यानंतरही तिथेच राहिली, बटण लागलंय की नाही हे कुणी सांगण्याची वाट बघत.

"लागलं," तो म्हणाला.

तिनं हात मागे घेतला.

त्यानं पेन उघडलं. पायरीच्या रकान्यातल्या एकावर आडवी रेघ मारली, शेजारी खाडाखोडीची सही केली, आणि तीन लिहिलं. आकडा चांगला ठळक आला.

मावशीनं चष्मा लावून तो बघितला. बराच वेळ बघितला. शाळेत असताना त्याच्या प्रगतिपुस्तकाकडे बघायची तसा, आणि तेव्हासारखंच शेवटी म्हणाली, "बरं."

मग तिनं कागद आपल्याकडे ओढला. तो दोनदा तिच्या बोटांतून निसटला, तिसऱ्यांदा तिनं तो मनगटानं ओढला.

"हा खालचा मोठा रकाना कसला?"

"शेरा."

"इथे काय लिहितात?"

"काही नाही. आजवर कुणी काही लिहिलेलं नाही."

"कोण वाचतं?"

"समिती. बहुतेक. वाचत नसावी."

"मग जागा आहे म्हणायची." तिनं स्टूल पुढे सरकवलं. "लिही. तुझ्या त्या कागदी भाषेत लिही, नाहीतर मावशी भाच्याकडून पत्र लिहून घेतेय असं वाटेल."

"काय लिहू?"

मावशीनं दोन्ही हात टेबलावर ठेवले, सकाळी ठेवले होते तसेच, पालथे. त्यांच्याकडे बघत तिनं सांगायला सुरुवात केली. ती दोन शब्द सांगायची, तो त्यांचे आठ करायचा. एकदा ती म्हणाली, "'वगळा' नको, 'वगळण्यात यावे' लिही, तू रोज बोलतोस तसं." त्यानं तसं लिहिलं. रकान्याच्या तीन ओळी संपल्या, मग तो समासात शिरला, आणि शेवटची ओळ पानाच्या कडेनं उभी लिहावी लागली.

"मा. समितीस सविनय सादर. सहभागी क्रमांक १७ यांचे दोन्ही हात चाचणीच्या निकषांत बसत नसल्याचे आज रोजी आढळून आले आहे. यापूर्वीच्या नोंदी चुकीच्या असून त्यास सर्वस्वी तपासनीस जबाबदार आहे. तथापि सदर सहभागीची गाठ निकषांत व्यवस्थित बसत आहे. तरी सदर दोन्ही हातांना चाचणीतून वगळण्यात यावे, आणि उर्वरित सहभागीस सध्याच्याच डोसवर पुढे चालू ठेवण्यास मंजुरी देण्यात यावी, ही नम्र विनंती. वगळलेल्या हातांची देखभाल सहभागीच्या घरी करण्यात येईल. त्यांबाबत कोणतीही जबाबदारी समितीवर राहणार नाही."